स्यूडोमोनासची एक किलोची पिशवी: नागपूरच्या उन्हाळ्यात घेताना काय बघाल

नागपुरात कॉटन मार्केटला असो की काटोल-नरखेडच्या बाजारात, कृषी केंद्रावर ‘स्यूडोमोनास द्या’ म्हटलं की एक किलोची पिशवी पुढ्यात येते. स्यूडोमोनास म्हणजे पिकाच्या मुळांना रोगापासून वाचवणारा जिवाणू. आत पांढरट, बोटांना गुळगुळीत लागणारी भुकटी. संत्र्याचा डिंक्या, हरभऱ्याची मर, सोयाबीनची मूळकूज, सगळ्यांवर हीच पिशवी हातात ठेवली जाते. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. स्यूडोमोनास फ्लुरोसन्सच्या टाल्कमधल्या पावडरीचं आहे, आणि त्याच फळीवर शेजारी ठेवलेल्या द्रवरूप बाटलीचं आणि बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचंही.

निकाल आधी सांगतो. माल चांगला आहे आणि घेण्यासारखा आहे, पण दोन अटींवर. पिशवी ताजी आणि थंड जागी ठेवलेली असावी, आणि रोग मुळात शिरायच्या आधी ती मुळाशी पोचलेली असावी. पहिली अट मोडली तर हातात निव्वळ शंखजिऱ्याची भुकटी उरते. दुसरी मोडली तर जिवाणू जिवंत असूनही त्याच्या हातून काही होत नाही. नागपूर जिल्ह्यात बहुतेक वेळा पहिलीच अट मोडते, आणि दोष मात्र जिवाणूला लागतो.

पिशवीत बहुतांश टाल्क म्हणजे शंखजिरंच असतं. त्यात जिवाणूंचं द्रावण मुरवलेलं, चिकटपणासाठी थोडं सीएमसी (डिंकासारखा पदार्थ) आणि सामू उदासीन ठेवायला कॅल्शियम कार्बोनेट. जिवाणू मुळाच्या पृष्ठभागावर वस्ती करतो आणि मुळातून झिरपणाऱ्या साखरेवर, अमिनो आम्लांवर जगतो. मुळाभोवतीच्या या पातळ पट्ट्याला ऱ्हायझोस्फिअर हे नाव जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिलं. लढाई होते ती या एक-दोन मिलिमीटरांत. म्हणून पावडर झाडावर किती मारली याला अर्थ नाही, कोवळ्या मुळाला किती लागली याला आहे.

बुरशीला तो तीन बाजूंनी अडवतो. पहिली बाजू लोहाची. तो सिडेरोफोर नावाचे पदार्थ सोडतो, ते मातीतलं लोह पकडतात आणि जिवाणू ते स्वतःकडे ओढून घेतो. बुरशीच्या बीजाणूला रुजायला लागणारं लोह मिळत नाही. यातलं पायोव्हर्डिन हिरवट-पिवळं असतं आणि अतिनील दिव्याखाली चमकतं, त्यावरूनच ‘फ्लुरोसन्स’ हे नाव आलं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं पण सामू जास्त असल्याने विरघळत नाही. संत्र्याची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात ती याच कारणाने. जिथे लोह आधीच दुर्मिळ, तिथे ही ओढाताण बुरशीला जास्त जाचते, त्यामुळे आपल्याकडच्या मातीत या जिवाणूला वाव आहे. दुसरी बाजू प्रतिजैविकांची: डायअ‍ॅसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल, फेनाझिन, पायरोलनिट्रिन अशी द्रव्यं काही वाण तयार करतात. ‘काही वाण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सगळे स्यूडोमोनास सारखे नसतात, आणि पिशवीवर वाणाचा क्रमांक छापलेला असेल तर ती चांगली खूण समजा. तिसरी बाजू झाडाची स्वतःची. मुळावर जिवाणू बसला की झाड आतून सावध होतं आणि पुढचा हल्ला आला की लवकर उत्तर देतं. ही सावधगिरी तयार व्हायला दिवस लागतात. म्हणूनच हे औषध रोगाच्या आधी द्यायचं असतं.

आता उन्हाळ्याचं. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स बीजाणू करत नाही. म्हणजे अडचणीच्या काळात कवचात शिरून झोपी जायची सोय त्याला नाही. २५ ते ३० अंशांत तो खुशीत वाढतो आणि ४१ अंशांवर त्याची वाढ होत नाही. हा त्याचा ओळखीचा गुणधर्म आहे. प्रयोगशाळेत त्याच्या भाऊबंदांपासून त्याला वेगळा काढताना याचाच उपयोग करतात. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या पत्र्याखालच्या गोदामात दुपारी तापमान त्याहून वर असतं. खरिपाचा माल दुकानात भरला जातो तो याच दिवसांत. कारखान्यातून निघताना पिशवीत ग्रॅमला १० कोटी जिवाणू असतील, पण ट्रकच्या टपाखाली दोन दिवस आणि पत्र्याखाली महिनाभर काढल्यावर त्यातले किती उरले हे पिशवीवरच्या छापील आकड्यावरून कळत नाही.

हिशेब करून बघा. संत्र्याच्या मोठ्या झाडाला १०० ग्रॅम पावडर देतात. ग्रॅमला १० कोटी असतील तर झाडाला १ हजार कोटी जिवाणू मिळाले. उन्हाने ती संख्या ग्रॅमला लाखावर आली असेल तर झाडाला मिळाले फक्त १ कोटी. चांगल्या जमिनीच्या एका ग्रॅममध्येच त्याहून जास्त जिवाणू आधीपासून ठाण मांडून बसलेले असतात. त्या गर्दीत आपल्या एक कोटी पाहुण्यांना मुळावर जागा मिळत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर भाव विचारायच्या आधी उत्पादनाची तारीख बघा. ‘वापराची अंतिम मुदत’ नंतर. मुदत अनेकदा वर्षभराची छापलेली असते, पण टाल्कमधल्या स्यूडोमोनाससाठी तीन ते चार महिने हाच भरवशाचा काळ धरा, आणि त्यात एप्रिल-मे आला असेल तर आणखी कमी. माल कुठे ठेवलाय ते डोळ्यांनी बघा. काउंटरमागच्या थंड खोलीत असेल तर उत्तम; शटरजवळ ऊन येणाऱ्या फळीवर युरियाच्या पोत्यांशेजारी असेल तर ती पिशवी सोडून द्या, दुसऱ्या दुकानात जा. जूनसाठी लागणारी पिशवी मेमध्ये घेऊन घरी ठेवण्यात फायदा नाही. पेरणीच्या आठवड्यात, पावसाने हवा थंडावल्यावर, नवीन बॅचची घ्या. घरी नेताना मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. माठाजवळची, सावलीची, ओल न लागणारी जागा पुरते. फ्रीजरमध्ये मात्र ठेवायची नाही.

लेबलवर आणखी दोन गोष्टी वाचायच्या. रोगनियंत्रणाचा दावा करणारं कुठलंही जैविक औषध कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदवलेलं असावं लागतं आणि तो नोंदणी क्रमांक पिशवीवर छापलेला असतो. जैविक खतं वेगळ्या आदेशाखाली येतात, खत नियंत्रण आदेश १९८५. ‘पीजीपीआर’ (वाढीला मदत करणारे मुळाजवळचे जिवाणू), ‘मूळवर्धक’, ‘जैव उत्तेजक’ अशा नावाच्या पिशव्या दुकानदार डिंक्यावर म्हणून देतो तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक नसेल तर रोगासाठी ती पिशवी घेऊ नका, मग त्यावर संत्र्याचं चित्र कितीही सुंदर असो. दुसरी गोष्ट संख्येची. जिवाणूंसाठी किमान प्रमाण ग्रॅमला १० कोटी सीएफयू (वसाहत करू शकणारे जिवंत जीव) आहे, तर ट्रायकोडर्मासारख्या रोगाशी लढणाऱ्या उपयोगी बुरशीसाठी ग्रॅमला २० लाख. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवून ‘यात जास्त आहेत’ म्हणून तुलना करणं चूक आहे. दोन वेगळे जीव, दोन वेगळी मापं. ‘१ टक्का डब्ल्यूपी’ (पाण्यात मिसळायची भुकटी) हा आकडाही वजनाचा आहे, जिवंत संख्येचा नाही. बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या. माल खराब निघाला तर पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे तक्रार करताना तोच उपयोगी पडतो.

पिशवी उघडल्यावर हाताला आणि नाकाला बरंच कळतं. चांगली पावडर कोरडी, मोकळी, फिकट पांढरी ते किंचित पिवळसर असते. वास ओल्या मातीसारखा किंवा जवळजवळ नाहीच. दगडासारखे गोळे, आतून काळे-हिरवे ठिपके, अमोनियासारखा किंवा सडका वास म्हणजे ओल शिरून दुसऱ्याच जीवांची पैदास झाली आहे. हे सगळं ठीक असूनही आतले जिवाणू मेलेले असू शकतात, कारण मेलेला जिवाणू वास देत नाही. खात्री हवी असेल तर मार्ग एकच. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या किंग्ज बी माध्यमावर नमुना पसरवून दोन दिवसांनी अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या वसाहती मोजायच्या. गटाने मिळून पन्नास-शंभर किलो घेणार असाल तर एका बॅचची अशी तपासणी करून घेणं पैशाच्या दृष्टीने नक्की परवडतं.

द्रवरूप बाटलीबद्दल. ठिबक असेल तर पावडर नकोच. शंखजिरं पाण्यात विरघळत नाही. बादलीत ढवळून पाच मिनिटं थांबलात की तळाशी पांढरा थर बसलेला दिसतो. हा थर व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत-औषध ओढून घेणाऱ्या नळीतून) गेला की आधी फिल्टरची जाळी आणि मग ड्रिपर बुजतात. पावडर घोळून, कपड्याने गाळून, वरचं पाणी सोडायची एक रीत गावोगाव दिसते, पण बरेच जिवाणू टाल्कच्या कणांना चिकटलेले असतात आणि गाळात राहून जातात. ठिबकला एकरी एक ते दोन लिटर द्रवरूप माल, तोही शेवटच्या अर्ध्या तासात सोडा, म्हणजे तो मुळांच्या पट्ट्यातच थांबेल. त्या आधीच्या आठवड्यात नळ्या आम्लाने किंवा क्लोरीनने धुतल्या असतील तर साधं पाणी भरपूर सोडून नळ्या पूर्ण स्वच्छ करून घ्या.

आणि बॅसिलस सबटिलिस? मे-जूनमध्ये, वातानुकूलन नसलेल्या दुकानातून घ्यायचं असेल तर आमचं मत स्पष्टपणे बॅसिलसकडे झुकतं. तो टणक बीजाणू करतो. बीजाणू वेगळे काढायला प्रयोगशाळेत नमुना ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवतात आणि तरी ते जगतात. नागपूरच्या गोदामाने त्याचं फारसं बिघडत नाही. इट्युरिन, फेंजायसिन, सर्फॅक्टिन ही त्याची द्रव्यं बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतात. कमी पडतो तो एका जागी: कोवळ्या मुळावर झपाट्याने पसरण्यात स्यूडोमोनास त्याच्या पुढे असतो. म्हणून पिशवीच्या ताजेपणाची खात्री असेल तर स्यूडोमोनास, नसेल तर बॅसिलस. दोन्ही जिवाणू एकत्र असलेले संघ-मिश्रणही बाजारात आहेत. त्यात प्रत्येकाची संख्या वेगवेगळी छापलेली नसेल तर घेऊ नका.

वापराची सुरुवात बीजप्रक्रियेपासून करावी, कारण पैशाला सगळ्यात जास्त मोल इथेच मिळतं. मात्रा किलोला १० ग्रॅम. एकरी ३० किलो सोयाबीन बियाण्याला ३०० ग्रॅम, तुरीच्या पाच-सहा किलो बियाण्याला ५० ते ६० ग्रॅम. म्हणजे एक पिशवी सोयाबीनच्या तीन एकरांना पुरते. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. बियाणं तरटावर सावलीत पसरा, गुळाचं पाणी शिंपडा आणि पावडर भुरभुरवून हलक्या हाताने चोळा. सोयाबीनला इथे जपावं लागतं. त्याची साल नाजूक असते. पाणी किलोला १० ते १५ मिलीपेक्षा जास्त झालं की ती सुरकुतते, मग चोळताना सुटते आणि उगवणच बसते. हरभऱ्याला इतकी भीती नाही. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवलेलं किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेलं बियाणं म्हणजे प्रक्रिया फुकट. रासायनिक बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, हा क्रम उलटा करायचा नाही. रायझोबियम (नत्र देणारा जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारा जिवाणू) यांच्या बरोबर ही पावडर चालते.

हरभऱ्याच्या मरीबद्दल एक गोष्ट ठासून सांगावी लागेल. मर आणणारी फ्युजॅरियम बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. दहा ग्रॅम पावडरीने ती संपत नाही. जाकी ९२१८ सारखा मर-प्रतिकारक वाण, हरभऱ्यावर हरभरा न घेणं, आणि त्यावर ही बीजप्रक्रिया, असं तिघांचं मिळून काम होतं. मरीने बदनाम झालेल्या वावरात संवेदनशील वाण पेरून फक्त जिवाणूवर भरवसा ठेवू नका. तुरीलाही हेच लागू. बीएसएमआर ७३६ सारखे वाण त्यासाठीच आहेत. सोयाबीनच्या चारकोल रॉटवर (मुळं-खोड काळवंडून कुजण्याच्या रोगावर) मात्र या पावडरीकडून फार मागू नका. तो रोग उफाळतो पावसाच्या खंडात, तापलेल्या कोरड्या जमिनीत, आणि नेमका तेव्हाच हा जिवाणू ओलाव्याअभावी मंदावलेला असतो. रोपावस्थेतल्या कुजीपुरती ती कामाची आहे, त्यापुढे खंडात एखादं संरक्षित ओलीत जास्त उपयोगी.

आता संत्रा. नागपूरची पिशवी खरी जोखली जाते ती बगीच्यात. इथला मुख्य शत्रू फायटोफ्थोरा. डिंक्या, मूळकूज, पायकूज ही त्याचीच रूपं, आणि अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था वर्षानुवर्षं त्यावर काम करते आहे. शास्त्राच्या भाषेत तो बुरशीही नाही, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव आहे. म्हणूनच त्याच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालत नाही, तरी दरवर्षी डिंक्याला कार्बेन्डाझिमची आळवणी (मुळाशी ओतायचं द्रावण) दिली जाते आणि पैसा वाया जातो. त्याचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात आणि मुळाच्या टोकाकडे खेचले जातात. चिकण काळ्या मातीत, जुलै-ऑगस्टच्या झडीत, आळ्यात दोन दिवस पाणी तुंबलं की त्यांना रस्ता मोकळा होतो.

पावडर घेण्याआधी झाडाची अवस्था मुळावरून तपासा. फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून दोन-अडीच फुटांवर, खुरप्याने वीतभर माती उकरा. बारीक तंतुमूळ चिमटीत धरून हळूच ओढा. निरोगी मूळ फिकट पिवळसर, भरलेलं असतं आणि सालीसकट तुटतं. सडलेल्या मुळाची तपकिरी साल पायमोज्यासारखी निसटून बोटांत येते आणि मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी तार उरते. चारही दिशांना असं करून बघा. एखाद-दुसरं मूळ असं निघालं तर जिवाणूला अजून काम करायला जागा आहे. निम्म्याहून जास्त मुळांची साल अशी सुटत असेल, शेंड्याकडची पानं पिवळी पडून झाड वरून वाळत असेल, तर आधी मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब किंवा फोसेटिल-एएल लिटरला अडीच ग्रॅम प्रमाणे आळवणी करा. स्यूडोमोनास त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, नव्या मुळ्या फुटायला लागल्यावर. वाळत्या झाडाला नुसती पावडर देणं म्हणजे झाड आणि पैसा दोन्ही घालवणं.

मात्रा मोठ्या झाडाला १०० ग्रॅम, एक ते दोन किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात कालवून. लहान कलमांना वयाच्या मानाने कमी. बरेच जण ही टोपली खोडाच्या बुंध्याशी ओततात, ते चूक. शोषणारी मुळं घेराच्या कडेला असतात. तिथे कड्यासारखी पसरवा, दोन-तीन इंच मातीत मिसळा आणि वरून पालापाचोळा टाका. माती वाफशावर हवी: कोरडी नको, चिखलही नको. संध्याकाळी द्या. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे ११२ झाडं बसतात, म्हणजे एका वेळेला सुमारे ११ किलो पावडर. पहिला हप्ता जून-जुलैत पावसाची ओल बसल्यावर, दुसरा सप्टेंबरमध्ये. या खर्चामुळे सगळ्या बगीच्याला देणं जमत नसेल तर पाणी साचणाऱ्या खोलगट भागातल्या सरींना आणि रोगट झाडाच्या चहूबाजूच्या झाडांना आधी द्या. आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी तोडून ताण देतात त्या काळात देऊ नका. कोरड्या जमिनीत टाकलेला जिवाणू ओलित सुरू होईपर्यंत तग धरत नाही.

आणि पावडरीच्या आधी पाण्याची वाट करा. दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर, खोडाला पाणी लागणार नाही अशी दुहेरी आळ्याची पद्धत, कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच. ज्या बगीच्यात खोडाला माती चढवलेली आहे आणि आळ्यात पाणी उभं आहे तिथे जगातला कुठलाही जिवाणू संत्रा वाचवणार नाही. जंबेरीच्या खुंटावरची (ज्यावर कलम बांधतात त्या झाडावरची) झाडं डिंक्याला लवकर बळी पडतात, रंगपूर लाइमवरची त्या मानाने टिकतात. नवीन लागवड करणाऱ्याने पिशवी निवडण्याआधी खुंट निवडावा.

यश सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते तांब्याने. खोडाला बोर्डो पेस्ट लावणं आवश्यकच आहे, एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो चुना, दहा लिटर पाणी, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, पावसाआधी आणि पावसानंतर. पण मोरचूद जिवाणूलाही मारतं. पेस्ट लावून दुसऱ्या दिवशी पावडर दिली की धुऊन आलेलं तांबं थेट तिच्यावर पडतं. दोन्हींत किमान पंधरा दिवस ठेवा आणि पावडर खोडापासून लांबच राहू द्या. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या आळवणीलाही हेच. स्ट्रेप्टोसायक्लिन तर जिवाणूनाशकच आहे. दोन्ही एका टाकीत घालणारे दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. उलट कार्बेन्डाझिम बुरशीवर घाव घालतं, स्यूडोमोनासला त्याचा फारसा त्रास नाही, पण ट्रायकोडर्मा त्याने मरतो. एकाच वेळी ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास देणार असाल तर देण्याच्या दिवशीच खतात कालवा. मिसळून साठवून ठेवू नका. युरिया, डीएपीच्या घट्ट द्रावणात जिवाणू घालू नका. शहरालगतचे लोक नळाचं पाणी वापरत असतील तर ड्रम रात्रभर उघडा ठेवा, क्लोरीन उडून जाईल.

शेणखतात वाढवून घेण्याची पद्धत खर्च वाचवते, जमली तर. एक किलो ताजी पावडर, शंभर किलो पूर्ण कुजलेलं, गार झालेलं शेणखत. ‘गार’ हा शब्द पाळा: अर्धवट कुजलेल्या ढिगात हात घालून बघा, चटका बसेल इतकी धग असते, आणि त्यात जिवाणू तासाभरात जातो. ओलावा इतका हवा की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी टपकू नये. झाडाखाली सावलीत फूटभर उंचीचा थर, वर ओलं तरट, दर दोन-तीन दिवसांनी खालवर. आठवड्याने वापरा. गुळाच्या पाण्याच्या ड्रममध्ये वाढवण्याची रीत मात्र आम्हाला पटत नाही. उघड्या ड्रममध्ये दोन दिवसांत यीस्ट आणि इतर जिवाणू गूळ फस्त करतात, वरचा फेस बघून ‘वाढलं’ असा समज होतो, आणि त्यात स्यूडोमोनास किती आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

या पिशवीचा सगळ्यात चांगला उपयोग कोणाला होतो असं विचाराल तर पन्हेरीवाल्यांना, म्हणजे कलमं तयार करून विकणाऱ्यांना. फायटोफ्थोरा नव्या बगीच्यात बहुतेक वेळा कलमाच्या पिशवीतल्या मातीतूनच येतो. इथे आपलं रणरणतं ऊन कामाला येतं. एप्रिल-मेमध्ये भरायची माती ओली करून, पातळ पारदर्शक पॉलिथिनने कडा मातीत दाबून, चार ते सहा आठवडे तापवा. रोगाचे जंतू कमी झालेल्या त्या मातीत जूनमध्ये, ती गार झाल्यावर, ताजी स्यूडोमोनास आणि शेणखत मिसळून पिशव्या भरा. गर्दी नसलेल्या मातीत पहिला येणारा जिवाणू मुळावर जागा पकडतो. आधी औषध दिलेल्या पण न तापवलेल्या जुन्याच मातीत तीच पावडर निम्मंही काम करत नाही. टाल्क उधळतं, म्हणून मिसळताना तोंडावर रुमाल किंवा मास्क बांधा. दम्याच्या माणसाला या कामाला लावू नका.

परिणाम कधी दिसतो? बीजप्रक्रियेचा महिन्याभरात, मेलेली रोपं मोजून. संत्र्यात एका पावसाळ्यात झाडाच्या पानांकडे बघून काही कळणार नाही. जूनमध्ये केली तीच मुळाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये त्याच झाडांना करा आणि नव्या पांढऱ्या मुळ्या मोजा. बगीच्यातल्या दोन सरी मुद्दाम पावडर न देता सोडा, धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) नव्हे, मधल्या, आणि त्यांच्या टोकाला खुंटी ठोकून रंगीत चिंधी बांधून ठेवा. दिलेल्या आणि न दिलेल्या सरींच्या मुळांत फरक दिसला नाही, तर बिलावरची तारीख आणि बॅच क्रमांक काढा, आणि पुढच्या हप्त्याला दुकान बदला किंवा बॅसिलस घ्या.